ईथर टाकून द्यावे

आमच्या कुडाळकडच्या घराच्या न्हाणीमागे कढीलिंबाचं एक जुनं झाड होतं. न्हाणीचं पाणी थेट त्याच्या मुळाशी जायचं, त्यामुळे मे महिन्यातही ते हिरवंगार. बुंधा माझ्या मांडीएवढा, आणि उंची अशी की पाला काढायला आजीला आकडी लागायची. १९९६च्या एप्रिलमध्ये काकांनी न्हाणी पाडून स्लॅबचं बाथरूम बांधायला काढलं आणि झाड आडवं आलं. दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी झाड तोडलं.

मी तेव्हा एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन घरी आले होते. दुसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला विषय हवा होता आणि सरांनी निरोप घेताना एवढंच सांगितलं होतं, "एखाद्या झाडातून काहीतरी काढ. अल्कलॉइड बघ." अल्कलॉइड म्हणजे झाडांत सापडणारी, नत्र असलेली कडू द्रव्यं. अंगणात आडव्या पडलेल्या झाडाकडे बघून बाकीचे हळहळत होते. मी कोयता घेतला आणि साल सोलायला बसले. मयताच्या अंगावरचे दागिने उतरवणाऱ्याकडे बघावं तसं आजीनं माझ्याकडे बघितलं.

"ह्या कशाक गो?"

"औषध काढायला."

"औषध पाल्यात. सालीत काय आसा?"

प्रश्न चोख होता आणि मला उत्तर माहीत नव्हतं. साल कोयत्यानं उभी चिरली की लांब पट्ट्यांनी सुटत होती. बाहेरून करडी-काळपट, खरखरीत. आतून फिकट आणि ओलसर. वास पानासारखाच, पण जरा रागावलेला. फांद्या धरून तीनेक किलो ओली साल निघाली. ती पडवीत गोणपाटावर पसरून वाळवली. उन्हात नाही, सावलीत. एवढं तरी मी वाचलेलं होतं. वाळून सव्वा किलो भरली. तेवढ्या दिवसांत घरात जो येईल तो ती साल उचलून हुंगायचा आणि 'आमटीत घालायची का' असं विचारायचा.

कढीलिंब हा कडुलिंबाचा कोणी लागत नाही आणि लिंबूचा लागतो, हे मला वनस्पतिशास्त्राच्या मैत्रिणीनं सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. विदर्भात त्याला गोडलिंब म्हणतात, संस्कृतात गिरिनिंब. सगळ्या नावांत कडुलिंबाची आठवण आहे, कारण पानांची ठेवण तशी दिसते. पण कूळ निराळं. कढीलिंब, लिंबू, बेल, कवठ आणि आपलं तिरफळ ही सगळी एका घरची. खूण घरच्या घरी तपासता येते. पान उजेडासमोर धरायचं. पानभर सुईच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या पिशव्या. लिंबूच्या पानात दिसतात, बेलात दिसतात, कढीलिंबात दिसतात, कडुलिंबात नाहीत. मी आजीला हे दाखवलं तेव्हा तिनं पान उन्हात धरून बघितलं, मग चुरगाळून हुंगलं आणि म्हणाली की नाकानं कळतं ते डोळ्यानं कशाला बघायचं.

जूनमध्ये साल पिशवीत भरून कॉलेजात नेली. मिक्सरवर दळायचा प्रयत्न केला तर धागे निघाले. शेवटी गावातल्या मसाल्याच्या डंखावर कुटून घेतली. डंखवाल्यानं त्यानंतर दोन दिवस कुणाचा मसाला कुटला नाही, सगळ्याला कढीपत्त्याचा वास येतो म्हणून.

प्रयोगशाळेत एक जुनी छापील पुस्तिका होती. अल्कलॉइड काढण्याची सर्वसाधारण पद्धत तीत दीड पानात दिली होती. पहिलंच वाक्य: चूर्ण पेट्रोलियम ईथरने निष्कर्षित करून मेद काढावा, ईथर टाकून द्यावे. हे ईथर म्हणजे चरबी विरघळवणारं, झटकन उडणारं द्रावक. त्यापुढे मिथेनॉल, मग सौम्य आम्ल, मग अमोनिया, मग क्लोरोफॉर्म. सरांनी पान उघडून दिलं आणि म्हणाले, "यात डोकं चालवायचं नाही. लिहिलंय तसं कर." त्यांचाही दोष नव्हता, पन्नास विद्यार्थी, दोन सॉक्सलेट, आणि पाणी दुपारी दोनला जाणार.

सॉक्सलेट हे उपकरण मला पहिल्यापासून आवडतं. १८७९मध्ये फ्रान्झ फॉन सॉक्सलेटनं ते बनवलं दुधातली चरबी मोजायला. खाली फ्लास्कमध्ये द्रावक उकळतं, वाफ वर जाते, थंड होऊन मधल्या नळकांड्यातल्या चूर्णावर थेंब थेंब पडते. नळकांडं भरत जातं. एका ठरावीक उंचीला पोचलं की बाजूच्या वाकड्या नळीतून सगळं एकदम, घटाघटा पाणी प्यायल्यासारखं, खाली फ्लास्कमध्ये उतरतं. मग पुन्हा थेंब. मी स्टुलावर बसून ते तासन्‌तास बघत राहायचे. पहिले काही फेरे ईथर हिरवट-पिवळं उतरायचं, नंतर फिकट होत जायचं. खालच्या फ्लास्कमधलं मात्र गडद होत होत चहाच्या रंगावर आलं. मी वहीत लिहिलं: 'मेद व हरितद्रव्य निघाले.' आणि फ्लास्क मामांच्या टेबलावर नेऊन ठेवला, टाकून द्यायला.

मामा म्हणजे आमचे लॅब अटेंडंट. त्यांची नोकरी माझ्या वयापेक्षा मोठी होती. आमच्याकडे द्रावकं फेकून द्यायची पद्धत नव्हती, परवडतच नव्हतं. मामा टाकाऊ ईथर एकत्र करून पाण्याच्या टबावर, ज्योत न लावता, ऊर्ध्वपातित करायचे आणि पुन्हा बाटलीत भरून द्यायचे. तळाला राहिलेला चिकट गाळ खरवडून एका बीकरमध्ये. बीकर भरला की मागच्या खड्ड्यात.

पुढचे दोन महिने मी पुस्तिकेबरहुकूम वागले. मिथेनॉलचा काढा आटवला, दोन टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात घोळला, गाळला. अमोनिया घालून लिटमस निळा केला. विभाजक नरसाळ्यात क्लोरोफॉर्म ओतून हलवलं, तर दोन थरांऐवजी ताकासारखं पांढुरकं काहीतरी झालं, जे चार तास तसंच राहिलं. मिठाचं पाणी घातल्यावर फुटलं. क्लोरोफॉर्म आटवला. फ्लास्कच्या तळाला तपकिरी पापुद्रा; बोटानं पुसला तर बोटावर मावेल एवढा.

त्यावर ड्रागेनडॉर्फचा फवारा मारला. बिस्मथ आणि पोटॅशियम आयोडाइडचं हे पिवळं पाणी अल्कलॉइडवर पडलं की केशरी डाग उमटतो. माझ्या कागदावर डाग आला का? सरांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "आहे असं म्हणालीस तर आहे." अल्कलॉइड ओळखायच्या दुसऱ्या, मायरच्या परीक्षेत पांढरा साका यायला हवा होता, परीक्षानळी पावसाच्या पाण्यासारखी नितळ राहिली. सव्वा किलो साल, आजीचं झाड, डंखवाल्याचे दोन दिवस, आणि हातात काहीही नाही. दिवाळीला घरी गेले तर आजीनं उंबऱ्यातच विचारलं, "गावला काय गो?" मी म्हटलं, चाललंय.

इथे जरा मागे जायला हवं, कारण ती पद्धत मूर्खपणाची नव्हती. तिच्यामागे शंभर-दीडशे वर्षांचं यश होतं. १८१९मध्ये जर्मनीत कार्ल मायसनर या औषधविक्रेत्यानं 'अल्कलॉइड' हा शब्द काढला. अर्थ सरळ: अल्कलीसारखे. झाडांतून मिळणारे, कडू, नत्र असलेले आणि आम्लाशी क्षार बनवणारे पदार्थ. त्याच सुमारास पॅरिसमध्ये पेलेतिए आणि कावाँतू या दोघांनी अशी एकेक करून कितीतरी द्रव्यं बाहेर काढली. १८२०मध्ये सिंकोनाच्या सालीतून क्विनीन. त्याच्या आदल्या वर्षी ब्रुसीन, आणि त्याची गोष्ट मला फार आवडते, कारण तिची सुरुवात लिंबूकुळातल्याच एका सालीपासून होते. दक्षिण अमेरिकेतून युरोपात अंगोस्तुरा नावाची साल तापावर म्हणून यायची. ते झाड आपल्या लिंबूच्या कुळातलं. त्या मालात एक दुसरीच विषारी साल मिसळलेली सापडू लागली आणि माणसं दगावली. ही खोटी अंगोस्तुरा ब्रुसिया नावाच्या झाडाची, असं समजून तिच्यातल्या अल्कलॉइडला ब्रुसीन नाव दिलं. प्रत्यक्षात ती साल निघाली काजऱ्याची. कोकणात कुठल्याही रानात उभा असतो तो काजरा, ज्याच्या बिया गुराख्याच्या पोरालाही विषारी म्हणून माहीत. झाड चुकलं, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

तर या सगळ्या आज्ञाधारक अल्कलॉइडांची वागणूक एकच. नत्राच्या अणूपाशी इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते. आम्लातला प्रोटॉन आला की ती त्याला धरते, रेणूवर भार येतो आणि रेणू पाण्यात उतरतो. मेण, तेल, हरितद्रव्य वर राहतं. मग अमोनिया घातला की प्रोटॉन काढून घेतला जातो, रेणू पाण्याबाहेर येतो आणि क्लोरोफॉर्ममध्ये पळतो. भरतीला आत, ओहोटीला बाहेर. पुस्तिकेतली दीड पानं म्हणजे एवढंच.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मामांनी मला हाक मारली. सुट्टीत प्रयोगशाळा बंद, म्हणून गाळाचा बीकर त्यांनी कपाटावर ठेवून दिला होता. "ताई, हे तुमचं की दुसऱ्या कुणाचं?" बीकरच्या कडेनं, हिरवट-तपकिरी मेणात, साखरेच्या खड्यांसारखं काहीतरी बसलं होतं. खडे म्हणजे अगदी लहान. पण काचकांडीनं हलवलं तर करकरले. मी बीकर अतिनील दिव्याखाली धरला. खड्यांनी निळसर उजेड दिला.

त्या दिवसात ईथर फक्त माझंच होतं. इतरांचं काम वेगळं.

पुढचे तीन आठवडे मी त्या मेणाशी भांडत होते. थंड पेट्रोलियम ईथरनं धुतलं, अल्युमिनाची पूड भरलेल्या उभ्या काचनळीवर, म्हणजे स्तंभावर, चढवलं, वरून ईथर आणि बेंझीनचं मिश्रण हळूहळू सोडत गेले. (बेंझीन! उघड्या टेबलावर, खिडकी उघडी म्हणून समाधान. आज माझ्या खात्यातल्या कुठल्या मुलीनं असं केलं तर मी तिला दिवसभर ओरडेन.) आधी पिवळा पट्टा उतरला, तो मेण आणि मेद. मग रंग नसलेलं काही उतरू लागलं, जे दिव्याखाली निळं दिसायचं. पंचवीस मिलिलिटरच्या बाटल्या रांगेत. एकेक आटवायची, तळ बघायचा. अकराव्या बाटलीपासून सोळाव्यापर्यंत पांढरे स्फटिक. सगळे मिळून २४० मिलिग्रॅम. बसच्या तिकिटाच्या पाठीवर मावतील एवढे. त्यांतले थोडे केशनळीत भरून द्रव पॅराफिनमध्ये तापवले. १७४ ते १७५ अंशांवर वितळले, एकदम, रेंगाळले नाहीत. शुद्ध पदार्थाची ही सवय असते.

पण हे होतं काय? आणि अल्कलॉइड असेल तर आम्लात का गेलं नाही?

कॉलेजच्या ग्रंथालयात संशोधनपत्रिका नव्हत्या. जानेवारीत रात्रीच्या एस.टी.नं पुण्याला गेले, विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात दोन दिवस बसले. बांधीव खंडांची ती जड पानं उलटताना पहिला धक्का बसला तो रसायनशास्त्राचा नव्हता. आडनावांचा होता. 'टेट्राहेड्रॉन', १९७०: जोशी, कामत, गावड, पत्ता गोरेगाव, मुंबई, सिबा या औषध कंपनीचं संशोधन केंद्र. १९६८चा आणखी एक लेख: नरसिंहन, पराडकर, चितगुप्पी, पत्ता पुणे विद्यापीठ, म्हणजे मी बसले होते तिथून चालत पाच-दहा मिनिटांवरचा रसायनशास्त्र विभाग. १९६५चा लेख कोलकात्याच्या चक्रवर्तींचा. साठच्या दशकात कोलकाता, पुणे आणि गोरेगाव अशा तीन ठिकाणी माणसं आमच्या आमटीतल्या झाडाची सालं-मुळं उकळत बसली होती आणि मी ते शोधायला कोकणातून रात्रभर एस.टी.त बसून आले होते. गोरेगावच्या केंद्राचे प्रमुख टी. आर. गोविंदाचारी. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९६३मध्ये ते मुंबईला आले, आणि भारतीय झाडांतली द्रव्यं शोधण्याचा त्यांचा व्यासंगही बरोबर आला.

उत्तर पहिल्याच पानावर होतं. कढीलिंबातली ही द्रव्यं कार्बाझोलची. सालीतून निघालेलं म्युरायानीन हे झाडातून मिळालेलं पहिलं कार्बाझोल. त्याआधी कार्बाझोल माहीत होतं ते डांबरातलं. १८७२मध्ये ग्रेबे आणि ग्लाझर यांनी ते दगडी कोळशाच्या डांबरातून वेगळं काढलं होतं. डांबरातलं कडं फोडणीच्या झाडात! कार्बाझोलमध्ये नत्र दोन बेंझीन कड्यांच्या मधल्या पाचकोनी कड्यात बसलेला असतो, आणि त्याची ती इलेक्ट्रॉनांची जोडी मोकळी नसते. अख्ख्या कड्याच्या सामाईक इलेक्ट्रॉनांत गुंतलेली असते. सातबाऱ्यावर नाव आहे पण विकता येत नाही, अशी आमच्याकडची भाऊबंदकीची जमीन असते ना, तशी. आम्लानं कितीही मागितली तरी द्यायला मोकळी नाही. त्यामुळे रेणूवर भार येत नाही, तो पाण्यात उतरत नाही, आणि चरबी-मेणाबरोबर निवांत ईथरमध्ये जातो. मेद काढून टाकायच्या पहिल्याच पायरीला मी माझं अल्कलॉइड काढून टाकलं होतं. पुढचे दोन महिने मी चोथा उकळत होते.

१७६ अंशांवर वितळणारं एक नाव यादीत होतं. गिरिनिंबीन. सूत्र: १८ कार्बन, १७ हायड्रोजन, एक नत्र, एक ऑक्सिजन. ते वाचताना मला हसू फुटलं आणि समोरच्या टेबलावरच्या मुलानं वर बघितलं. झाडाच्या शास्त्रीय नावात दोन परके आहेत: म्युराया हे लिनियसच्या एका शिष्यावरून, कोनिगाय हे योहान कोनिग या वैद्यावरून, जो तामिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगंबाडीला डॅनिश वसाहतीत राहून झाडं गोळा करायचा आणि १७८५मध्ये वारला. त्या झाडातल्या द्रव्यांना नावं देताना मात्र कुणीतरी निघंटू उघडलेला दिसतो. गिरिनिंबीन, महानिंबीन. परक्या नावाच्या झाडात संस्कृत नावाचे रेणू.

एन.एम.आर., म्हणजे रेणूची रचना दाखवणारा आलेख, काढायला नमुना बाहेर पाठवावा लागला आणि आलेख यायला मार्च उजाडला. तीन मिथाइल गट दिसत होते, एक बेंझीनच्या कड्यावर आणि दोन एकाच कार्बनवर, गोरेगावकरांनी लिहिलं होतं तसेच. सरांनी आलेख उभा-आडवा धरून बघितला. पुस्तिकेतलं ते वाक्य त्यांनी पेन्सिलीनं खोडलं का, हे मला माहीत नाही. मी खोडलं नाही. बेरबेरीन नावाच्या पिवळ्या अल्कलॉइडसाठी ते वाक्य आजही बरोबर आहे. चीन-कोरियाकडे लिंबूकुळातलंच एक झाड आहे, फेलोडेंड्रॉन. त्याची आतली साल हळदीसारखी पिवळी जर्द, कारण ती बेरबेरीननं भरलेली. त्या रेणूतल्या नत्रावर कायमचाच धन भार असतो. तो ईथरमध्ये जायचं नावच काढत नाही. पण त्याची तऱ्हा पुढे: अमोनिया ओतल्यावरही तो बराचसा पाण्यातच बसून राहतो आणि क्लोरोफॉर्मकडे बघत नाही. एकाच कुळातल्या दोन साली, एकीत नत्र पाण्याला सोडत नाही, दुसरीत पाण्याला शिवत नाही. पुस्तिका लिहिणाऱ्यानं मधल्या गुणी मुलांकडे बघून नियम केला.

तिरफळाच्या सालीकडे मी नंतर वळणार होते. बुंध्यावर बोटभर जाड टोकदार काट्यांची ती साल. तिच्यातून असीमा चटर्जींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९मध्ये ऱ्हेट्सीन आणि ऱ्हेट्सिनीन ही अल्कलॉइडं काढली. या असीमा चटर्जी म्हणजे भारतीय विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवणाऱ्या पहिल्या महिला, १९४४ साली, कलकत्ता विद्यापीठाच्या. आमच्याकडे तिरफळ म्हणजे बांगड्याचं तिखलं, आणि तेही फळाचं टरफल. सालीला कोणी हात लावत नाही. मीही लावला नाही. एम.एस्सी. झाली, एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीला लागले, आणि तिथे दुसऱ्यांनी काढलेलं शुद्ध आहे की नाही एवढंच बघायचं असतं.

हल्ली फोनवर दर आठवड्याला कढीपत्त्यावर काहीतरी येतं. अमुक अल्कलॉइड तमुक पेशींना मारतं, म्हणून रोज दहा पानं चावा. पेशी काचेच्या बशीतल्या असतात आणि रेणू शुद्ध, हे त्यात कोणी लिहीत नाही. २४० मिलिग्रॅमसाठी मी सव्वा किलो साल कुटली होती. दहा पानांत मला काय मिळणार याचा हिशेब मी मनातल्या मनात करते आणि मेसेज पुढे ढकलत नाही.

एप्रिलमध्ये घरी गेले ती गिरिनिंबीनची छोटी बाटली घेऊन. विश्लेषणाला वापरून उरलेले शंभरेक मिलिग्रॅम, पांढरेशुभ्र. आजी नव्या बाथरूमच्या पायरीवर बसून कोकमं फोडत होती. मी बाटली तिच्या हातात दिली.

"गावला?"

"गावला."

तिनं झाकण काढलं, नाकाशी नेलं. पुन्हा नेलं. मग माझ्याकडे बघितलं.

"ह्येका वास खंय आसा?"

वास तेलाचा असतो, तो उडून गेला, हा वेगळा पदार्थ, असं मी सांगू लागले. ती ऐकत नव्हती. बाटली पायरीवर ठेवून ती उठली आणि भिंतीच्या कडेला गेली. बाथरूमच्या सिमेंटच्या कडेनं, जुन्या मुळावरून, कढीलिंबाचे चार-पाच कोंभ वर आले होते, गुडघ्याएवढे. त्यातल्या एकाचं टोक तिनं खुडलं, तळहातावर चुरगाळलं आणि हात माझ्या नाकापुढे धरला.